ब्रिट, एडगर
(१९१३–२०१७). बडोद्याच्या गायकवाडांचे नाव इंग्लंड-आयर्लंडच्या शर्यतींत गाजवणारा ऑस्ट्रेलियन जॉकी. १९४३ साली महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती त्याने महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीवर जिंकली. महायुद्धानंतर तो महाराजांचा जॉकी म्हणून इंग्लंडला गेला.

तिथल्या त्याच्या यशाचा मानकरी ‘सयाजीराव’. हे शिंगरू महाराजांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी या त्या काळच्या विक्रमी किमतीला घेतले. त्याचा सख्खा भाऊ ‘दान्ते’ त्याच वर्षी डर्बी जिंकला होता, म्हणून एवढा भाव. नाव महाराजांच्या आजोबांचे. १९४७ च्या एप्सम डर्बीत सयाजीराव तिसरा आला. मात्र त्याच वर्षी ब्रिटने त्याच्यावर आयरिश डर्बी आणि डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली. सेंट लेजर पावणेदोन मैलांहून लांब. तिच्यात ‘आर्बार’ अवघ्या डोक्याएवढ्या अंतराने मागे राहिला. पुढच्या वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली, पण स्वार चार्ली स्मर्क होता. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. सयाजीरावाचा वंश मात्र धावत राहिला: त्याचा मुलगा ‘इंडियाना’ याने १९६४ ची सेंट लेजर जिंकली.