सोनोरा वाळवंटातील स्पॅनिश मिशन-स्थळे : पाणी, वस्ती आणि वास्तू

प्रस्तावना

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोतील सोनोरा राज्याचा उत्तर भाग मिळून जो वाळवंटी प्रदेश होतो, त्याचा उल्लेख स्पॅनिश कागदपत्रांत ‘पिमेरिया आल्ता’, म्हणजे पिमा लोकांचा वरचा मुलूख, असा येतो. या प्रदेशातील जुनी मिशन-स्थळे आज पर्यटनाच्या नकाशावर ठळकपणे आहेत. पांढरेशुभ्र चर्च, ढासळलेल्या मातीच्या भिंती आणि भोवतालचे उंच निवडुंग पाहून अभ्यागत परततो, तो बहुधा स्पॅनिश धर्मगुरूंच्या साहसाची कथा घेऊन. ज्यांच्या जमिनीवर, ज्यांच्या पाण्यावर आणि ज्यांच्या श्रमावर या वास्तू उभ्या राहिल्या, ते ओ’ओधाम लोक त्या कथेत पार्श्वभूमीलाच राहतात. प्रस्तुत निबंधात बाक, तुमाकाकोरी व मॅग्डालेना या तीन स्थळांचा विचार ओ’ओधाम समाजाला केंद्रस्थानी ठेवून केला आहे.

किनो आणि मिशनची घडण

या मिशनांचा आरंभ युसेबियो फ्रान्सिस्को किनो (1645-1711) या जेझुइट धर्मगुरूपासून होतो. उत्तर इटलीतील त्रेंतो परिसरात जन्मलेल्या किनोने तरुणपणी गंभीर आजारातून उठल्यावर सेंट फ्रान्सिस झेवियरचे स्मरण म्हणून ‘फ्रान्सिस्को’ हे नाव धारण केले. झेवियरप्रमाणेच पूर्वेकडे, चीनला, जाण्याची त्याची उत्कट इच्छा होती. परंतु चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि त्याच्या वाट्याला मेक्सिको आले. 1687 मध्ये तो पिमेरिया आल्तात पोहोचला, 1691 मध्ये तुमाकाकोरीला आणि 1692 मध्ये बाक येथे गेला. बाकच्या वस्तीला त्याने ‘सान हावियेर देल बाक’ हे नाव दिले. ज्या संताचा देह 1554 पासून गोव्यात आहे, त्याचेच हे नाव होय.

‘बाक’ हा मात्र ओ’ओधाम भाषेतील ‘वाक’ या शब्दाचा स्पॅनिश उच्चार आहे. सांता क्रूझ नदी वाळूखाली लुप्त होत असे व पुन्हा वर येत असे. वाक या नावाचा संबंध पाण्याच्या याच प्रकटण्याशी आहे. तेव्हा किनोला येथे निर्जन वाळवंट सापडले नव्हते. त्याला सापडले ते शेकडो माणसांचे, पाटाच्या पाण्यावर शेती करणारे गाव. मका, घेवडा व भोपळा ही तेथील उन्हाळी पिके होती. त्यांत मिशनने गव्हाची भर घातली. गहू हिवाळी पीक असल्यामुळे वर्षातील टंचाईचा काळ भरून निघाला, आणि नव्या धर्मापेक्षा हे नवे धान्य आणि गुरे अधिक सहजतेने स्वीकारली गेली असावीत असे मानण्यास जागा आहे.

याचबरोबर साथीचे रोग आले, सक्तीचे श्रम आले, वसाहतवाल्यांचे जमिनीवरील अतिक्रमण आले. 1695 आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर 1751 मध्ये उठाव झाले. दुसऱ्या उठावात शंभरहून अधिक वसाहतवाले मारले गेले आणि 1752 मध्ये तुबाक येथे लष्करी ठाणे बसवण्यात आले. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केले व त्यांच्या जागी फ्रान्सिस्कन आले.

बाक आणि तुमाकाकोरी

आज दिसणारी दोन्ही चर्चे फ्रान्सिस्कन काळातील आहेत. बाकचे चर्च 1783 ते 1797 या काळात भाजक्या विटांत बांधले गेले. त्यासाठी एका पशुपालकाकडून पुढील पिकांच्या भरवशावर 7000 पेसोंचे कर्ज काढले होते. पूर्वेकडील मनोरा मात्र अपुराच राहिला. तुमाकाकोरीचे बांधकाम 1800 च्या सुमारास सुरू झाले. पैशासाठी मिशनची गुरे विकली, पण रक्कम वेळेवर हाती आली नाही. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर, 1828 मध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या धर्मगुरूंना देश सोडावा लागला. अपाची टोळ्यांचे हल्ले चालूच होते. अखेर डिसेंबर 1848 मध्ये उरलेल्या मोजक्या कुटुंबांनी तुमाकाकोरी सोडले आणि जाताना मूर्ती बाकला नेल्या. पुढे जेझुइटांच्या गुप्तधनाच्या आशेने लोकांनी या चर्चची जमीन उकरली. जेझुइट जाऊन तीस वर्षे उलटल्यावर या चर्चचा पाया घातला गेला, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. तुमाकाकोरी 1908 मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले.

बाकलाही धर्मगुरू दीर्घकाळ नव्हता. तरीही चर्च वाचले, कारण गाव तेथेच होते. पूजेची भांडी व वस्त्रे ग्रामस्थांनी आपापल्या घरी जपून ठेवली. आज ते तोहोनो ओ’ओधाम राष्ट्राच्या सान हावियेर जिल्ह्यात आहे आणि तेथे नित्य उपासना होते. समोरच्या मांडवांत ओ’ओधाम स्त्रिया गव्हाच्या पिठाच्या तळलेल्या जाड पुऱ्या विकतात.

20व्या शतकात बाकच्या वास्तूवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. त्यामुळे ओल भिंतींतच कोंडली आणि आतील भित्तिचित्रे खराब होऊ लागली. तेव्हा सिमेंट काढून चुना आणि निवडुंगाचा चिकट रस यांचा जुना गिलावा पुन्हा वापरात आणावा लागला. 1992 ते 1997 या काळात युरोपीय संवर्धकांनी आतील भाग स्वच्छ केला, त्या कामात ओ’ओधाम तरुण प्रशिक्षित झाले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेची गोष्ट याच्या उलट आहे. तिचा गिलावा 1950 च्या दशकात उतरवून जांभा दगड उघडा केला गेला आणि पावसाने झिजणाऱ्या त्या दगडाचा वाद अद्याप मिटलेला नाही.

गिलाव्याचा प्रश्न सुटला, तसा पाण्याचा सुटला नाही. ज्या पाण्यामुळे वाक हे गाव वसले, ते शेजारच्या टूसॉन शहराने, खाणींनी आणि मोठ्या शेतांनी केलेल्या उपशामुळे खोल गेले; नदीचे पात्र कोरडे पडले, काठचे मेस्कीटचे वन वाळले. 1975 मध्ये या उपशाविरुद्ध खटला दाखल झाला. 1982 च्या कायद्याने व 2004 मधील त्याच्या दुरुस्तीने ओ’ओधामांचा हक्क मान्य झाला, आणि कोलोराडो नदीचे कालव्याने आणलेले पाणी त्यांच्या शेतांना मिळू लागले.

मॅग्डालेना

किनो 1711 मध्ये मॅग्डालेना येथे, झेवियरच्या नावे बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या समर्पणासाठी गेला असता मरण पावला. त्याची कबर 1966 मध्ये सापडली. 1854 मध्ये अमलात आलेल्या गॅड्सडेन कराराने बाक व तुमाकाकोरी अमेरिकेत गेली, मॅग्डालेना मेक्सिकोत राहिले, आणि ओ’ओधामांची भूमी दुभंगली. तरीही सीमेच्या दोन्ही बाजूंचे यात्रेकरू मॅग्डालेनाला येतात. तेथील निद्रिस्त मूर्ती झेवियरची आहे. पण यात्रा भरते ती गोव्याप्रमाणे 3 डिसेंबरला नव्हे, तर असिसीच्या संत फ्रान्सिसच्या दिवशी, 4 ऑक्टोबरला. फ्रान्सिस्कनांच्या आगमनाने हा बदल झाला असे सांगितले जाते. झेवियर, असिसीचा फ्रान्सिस आणि किनो हे तिन्ही फ्रान्सिस्को भाविकांच्या मनात एकरूप झाले आहेत. रांगेत उभा राहिलेला यात्रेकरू पुढे सरकतो आणि त्या मूर्तीचे डोके हाताने उचलून पाहतो; ज्याच्याकडून ते उचलले जात नाही, त्याचे नवस-फेडणे अपुरे राहिले अशी समजूत आहे.