जुनें राखणारी राजनीति आणि एल्फिन्स्टन

राजकारणांत जुनें राखूं पाहणाऱ्यांवर एक आक्षेप नेहमींच घेतला जातो. सुधारणावादी मनुष्य काय पाडावयाचें आणि त्या जागीं काय उभारावयाचें, हें दोन्ही सांगतो. स्थितिरक्षक मात्र नुसता आडवा हात करून उभा राहतो. कालचें आज असावें आणि आजचें उद्यां असावें, यापलीकडे त्याच्यापाशीं कांहीं ध्येय आहे काय? कीं परंपरा हाच त्याचा आरंभ आणि परंपरा हाच त्याचा शेवट?

इंग्लंडांत एडमंड बर्क यानें १७९० सालीं फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा वाद विशेष रंगला. बर्कचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, समाज हा एका पिढीनें वाटेल तेव्हां मांडावा आणि मोडावा असा डाव नव्हे. तो वडिलार्जित वाडा आहे. चालू पिढीला त्यांत राहण्याचा हक्क आहे, पण तो जमीनदोस्त करण्याचा नाहीं. आणि वेळच्या वेळीं शाकारणी केली नाहीं, तर तो राखतांहि यावयाचा नाहीं. याच बर्कनें १७८८ पासून वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यांत फिर्यादीची बाजू मांडली आणि हिंदुस्थानांतील जुनीं घराणीं व जुने हक्क तुडविण्याचा कंपनीच्या अधिकाऱ्यांना अधिकार नाहीं, असें बजाविलें. परंपरेचा हा आदर केवळ इंग्रजांच्या परंपरेपुरता नव्हता. पुढें या विचाराची कसोटी लागली ती महाराष्ट्रांत, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दींत.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या वेळीं पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी जळाली व रेसिडेंट एल्फिन्स्टन याचा ग्रंथसंग्रहहि तींत गेला. तीन महिन्यांनीं, ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं, त्याच एल्फिन्स्टननें जाहीरनामा काढला. पेशव्यांचें राज्य संपलें. पण वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें चालू राहतील, आणि वसुलाचा मक्ता बंद होईल, असें त्यांत वचन होतें. साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंहांना लहानसें राज्य मिळालें. हें औदार्य अगदीं निर्हेतुक होतें असें समजण्याचें कारण नाहीं. नव्यानें जिंकलेल्या मुलुखांत सरदार, शास्त्री व वतनदार यांना एकदम दुखविणें विजेत्याला परवडणारें नव्हतें. स्थितिरक्षण आणि सोय यांची येथें गांठ पडली होती.

तरीहि केवळ सोयीनें सगळ्याचा उलगडा होत नाहीं. जिंकलेल्या मुलुखासंबंधीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवगाडा, पाटील-कुळकर्णी, मिरासदार आणि पंचायत यांचें बारकाईनें वर्णन आहे. पंचायतीचे दोष त्यानें लपविले नाहींत. पंच वेळेवर जमत नाहींत, निवाडे लांबतात, निवाड्याची बजावणी ढिली असते, हें त्यानें स्पष्ट नमूद केलें. आणि तरीहि, लोक जिला ओळखतात ती संस्था दुरुस्त करून चालवावी, असा अभिप्राय दिला. उलट, दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत मामलती चढत्या बोलीनें देण्याची पद्धति बोकाळली होती, ती त्यानें मोडली. तीहि एका अर्थीं चालत आलेली रीतच होती. म्हणजे जुनें तेवढें सोनें, हा त्याचा नियम नव्हता. गांवाला धरून ठेवणारी रीत कोणती आणि गांवाला पिळून काढणारी कोणती, याची निवड तो करीत होता. ही निवड करावयाची म्हणजे परंपरेहून वेगळें असें कांहीं माप हातीं असावें लागतें. स्थितिरक्षकाला ध्येय असतें कीं नाहीं, याचा शोध त्या मापापाशींच घ्यावा लागतो.

त्याच सुमारास इंग्लंडांत बेंथॅम आणि जेम्स मिल यांचा उपयुक्ततावाद जोरांत होता. हिंदुस्थानांत पाऊल न ठेवतां मिलनें हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि येथील बहुतेक संस्था टाकाऊ ठरविल्या. एल्फिन्स्टन स्वतः बेंथॅमचा वाचक होता. कायदे नीट मांडून लोकांपुढें ठेवावे, हें त्याला मान्य होतें. पण १८२७ चे कायदे त्याच्या कारकीर्दींत तयार झाले, तेव्हां जेथें सरकारी नियम नसेल तेथें त्या प्रांताचा रिवाज पाहावा, असें त्यांत ठरलें. त्यासाठीं आर्थर स्टील यानें दक्षिणेंतील जातींचे रिवाज विचारून विचारून लिहून काढले.

निव्वळ सिद्धांताचा प्रयोग कसा फसतो, हें लगेच दिसलें. प्रिंगल यानें अर्थशास्त्राच्या पुस्तकी सूत्रावरून जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढलें आणि त्यांतील शेंकडा ५५ हिस्सा सरकारचा ठरविला. कागदावर हिशेब चोख होता. परंतु मोजणी सदोष निघाली, सारा जड झाला, इंदापूरकडील जमिनी ओस पडूं लागल्या. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सारा उतरवून नव्यानें घडी बसवावी लागली.

पण जुन्याची कथाहि सुखान्त नाहीं. सरकारी आश्रय असूनहि पंचायत झिजत गेली. जी संस्था मानावर, ओळखीवर आणि गांवच्या दाबावर चालत असे, ती परक्या सरकारच्या हुकुमावर चालेना. वादी-प्रतिवादींना कोर्टाचा हुकूमनामा अधिक पक्का वाटूं लागला. त्या हुकूमनाम्याचें बळ सावकाराच्या हातीं गेलें, आणि १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत दंगे पेटले तेव्हां शेतकऱ्यांनीं कर्जरोख्यांवर राग काढला. संस्थेचा सांगाडा राखला, तरी तिच्या पाठीमागची सत्ता गेल्यावर ती जगत नाहीं.

मग एल्फिन्स्टनच्या राजनीतींत पुढचें असें काय होतें? त्याचें उत्तर शिक्षणांत सांपडतें. पेशवाईंत श्रावणमासीं ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. ती त्यानें एकदम बंद केली नाहीं. रक्कम पन्नास हजारांवर आणली आणि तिचा कांहीं भाग विद्येकडे वळविला. १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८२२ पासून मुंबईंत शाळापुस्तकांची मंडळी काम करूं लागली. मराठींत छापील पुस्तकें होऊं लागलीं. ब्रिग्ज या त्याच्या सहकाऱ्यानें एक आठवण नमूद केली आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूंत मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहून त्यानें विचारलें, हीं कशासाठीं? लोकांना शिकविण्यासाठीं, आणि हाच आपला घरीं परत जाण्याचा राजमार्ग आहे, अशा आशयाचें उत्तर मिळालें. राज्य स्थापणारा मनुष्य त्या राज्याच्या शेवटाची तयारी शाळेंत करीत होता. लोकांचें जुनें जीवन मोडूं द्यावयाचें नाहीं, आणि तें पुढें कसें बदलावें हें ठरविण्यास त्यांनाच समर्थ करावयाचें, ही त्याची दृष्टि होती.

या दृष्टीला मोठी मर्यादा होती, आणि ती सांगितल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. सतीची चाल त्यानें कायद्यानें बंद केली नाहीं. बंगाल्यांत बेंटिंकनें १८२९ त तें पाऊल टाकलें आणि मुंबई इलाख्यांत माल्कमनें १८३० त. शिक्षणासंबंधींच्या टिपणांत, खालच्या मानलेल्या जातींचीं मुलें उत्तम विद्यार्थी ठरतात हें ठाऊक असूनहि, आरंभ त्यांच्यापासून केल्यास विद्या वरच्या वर्गांत पसरणार नाहीं, अशी भीति त्यानें व्यक्त केली. वाडा राखतांना वाड्याच्या बाहेर उभ्या असलेल्यांना त्यानें थांबावयास सांगितलें. ज्यांना त्या परंपरेंत वांटाच नव्हता, त्यांना तिच्या रक्षणाचें कौतुक काय असणार? पुण्यांतच १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली व पुढें अस्पृश्य मानलेल्यांसाठीं शाळा उघडल्या, त्या या प्रश्नाचें कृतीनें दिलेलें उत्तर होत्या.

परंतु एल्फिन्स्टननें पेरलेल्याचें पीक त्याच्या कल्पनेपेक्षां निराळें आलें. जी दक्षिणा त्यानें राखली, तिचा कांहीं अंश मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठीं द्यावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास पुण्याच्या नव्या शिकलेल्या तरुणांनीं सरकारकडे केला. लोकहितवादींचा त्यांत पुढाकार होता. शास्त्रीमंडळींचा रोष झाला, पण १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना बक्षिसें मिळूं लागलीं. जुनी दक्षिणा मोडली असती तर हा निधि उरला नसता. आणि शाळा निघाल्या नसत्या तर तो मागण्यास कोणी पुढें आलें नसतें.

स्थितिरक्षणाला परंपरेपलीकडे ध्येय असूं शकतें, असें या इतिहासावरून म्हणतां येतें. पण तें आपोआप येत नाहीं. जुनें कोणासाठीं राखावयाचें, त्यांत कोणाला वांटा द्यावयाचा, आणि तें बदलण्याचा अधिकार शेवटीं कोणाच्या हातीं सोपवावयाचा, या तीन प्रश्नांना जो उत्तर देतो, त्याच्यापाशीं ध्येय आहे. एल्फिन्स्टननें पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर दिलें. दुसऱ्याचें उत्तर मात्र महाराष्ट्राला स्वतःच शोधावें लागलें.