घर घेऊन निघालेला बादशहा

मोटरहोम ही अमेरिकन चीज आहे असं आपल्याला वाटतं. मोठं धूड, आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम, आणि खिडकीबाहेर पळणारं वाळवंट. पण घर सोबत घेऊन फिरायचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग कुठला असं विचाराल, तर मी आमच्या शहराकडे बोट दाखवेन. १६८३ च्या नोव्हेंबरात औरंगजेब औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, अहमदनगरकडे निघाला. त्यानंतरची तेवीस-चोवीस वर्षं त्या माणसाचं आयुष्य बहुतेक तंबूत गेलं. एवढी लांब 'रोड ट्रिप' दुसऱ्या कुठल्या बादशहाने केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे एक एक्सेल शीट. मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या ग्रुपने ठरवलंय की शेंद्र्याहून एक मोठं मोटरहोम घेऊन थेट लेहला जायचं. जाऊन-येऊन चार हजार किलोमीटरच्या वर. शीटचं नाव आहे 'लडाख फायनल ३'. (फायनलपुढे आकडा आला की समजायचं, अजून काहीच ठरलेलं नाही.) त्या शीटमध्ये डिझेल आहे, टोल आहे, मॅगीची पाकिटं आहेत. माझ्याकडे रूट प्लॅनिंग आलं, आणि मी सवयीप्रमाणे इतिहासाची पुस्तकं उघडून बसलो. मॅनेजरला याला 'रिक्वायरमेंट अनॅलिसिस' म्हणून सांगता येतं :)

तर मंडळी, आधी हार्डवेअर बघू.

मुघल बादशहा प्रवासाला निघाला की त्याच्या डेऱ्यांचे दोन संच असायचे. आज बादशहा एका संचात राहतोय, तोवर दुसरा संच पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहिलेला असायचा. पुढे जाणाऱ्या या संचाला पेशखाना म्हणत. आमच्या धंद्यात याला डबल बफरिंग म्हणतात: एक स्क्रीनवर दिसतंय, तोवर दुसरं मागे तयार होतंय, वापरणाऱ्याला मधली खटपट दिसतच नाही. बादशहा सकाळी एका घरातून निघाला की पुढच्या मुक्कामी तसंच दुसरं घर त्याची वाट बघत असायचं.

या सोयीची किंमत काय? अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या छावणीचा हिशोबच दिलाय. वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय डेरे उभारणारे हजार फर्राश, रस्ता नीट करणारे ५०० बेलदार, १०० भिश्ती, ५० सुतार आणि तंबू शिवणारे, ३० चर्मकार, १५० झाडूवाले. एका घरासाठी! मुक्कामाची जागा ठरवायला मीर मंझिल नावाचा वेगळा अधिकारी. आमच्या ग्रुपमध्ये ते पद सध्या माझ्याकडे आहे, पण ५०० बेलदार कुणी देत नाहीये.

फ्रान्स्वा बर्निये नावाचा फ्रेंच डॉक्टर १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेबाच्या अशाच एका प्रवासात होता. दिल्ली ते लाहोर ते काश्मीर. त्याने लिहिलेली वर्णनं म्हणजे त्या काळचा ट्रॅव्हलॉगच. तो सांगतो की एका पेशखान्याला साठाच्या वर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. जड खांब आणि मोठे डेरे हत्तींवर, छोटे तंबू उंटांवर, स्वयंपाकाची भांडी खेचरांवर, आणि चिनी मातीच्या बशा माणसांच्या डोक्यावर. प्यायला गंगेचं पाणी, तेही उंटांवरून. छावणीच्या मध्यावर जहाजाच्या डोलकाठीसारखा उंच खांब आणि त्याच्या टोकाला कंदील, म्हणजे आकाशदिवा. रात्री धुक्यात आणि धुरात वाट चुकलेला माणूस तो दिवा बघून घरी यायचा. बाजारांच्या खुणेच्या काठ्यांवर लाल निशाणं आणि तिबेटी गाईंच्या शेपट्या लावलेल्या असत. तिबेटी गाय म्हणजे याक. आम्ही जो प्राणी बघायला लडाखला निघालोय, त्याची शेपटी साडेतीनशे वर्षांपूर्वी मुघल छावणीत साइनबोर्डचं काम करत होती.

आता परफॉर्मन्स. बर्नियेच्याच हिशोबाने दिल्ली-लाहोर हे अंतर साधारण पंधरा दिवसांचं. छावणीला लागले जवळजवळ दोन महिने. वाटेत शिकारी होत्या हे खरं. पण एवढ्या जनावरांना पाणी हवं, म्हणून नदीच्या काठाकाठाने जायचं, हेही त्याने लिहिलंय. म्हणजे रस्ता बादशहा ठरवत नव्हता, पाणी ठरवत होतं.

आणि मग आले डोंगर. काश्मीरच्या वाटेवर पायथ्याशी भिंबर लागतं. तिथे बादशहाने एक शहाणपणाचं काम केलं: बहुतेक छावणी मागे ठेवली आणि निवडक लोकांनाच वर नेलं. वाट अरुंद, वर धान्य-चारा कमी, सगळे गेले तर उपाशी मरतील, हा हिशोब स्पष्ट होता. तरीसुद्धा जनानखान्यातल्या स्त्रियांना नेणारे हत्ती बरोबर होतेच. पीर पंजालच्या चढावर पुढचा एक हत्ती बिचकला आणि मागे सरला. त्याने मागच्याला रेटलं, त्याने त्याच्या मागच्याला. वळायला जागाच नव्हती. बर्निये लिहितो की पंधरा हत्ती दरीत गेले. स्त्रियांपैकी तीन-चार दगावल्या, बाकीच्या वाचल्या. हत्ती मात्र एकही वाचवता आला नाही.

एकेरी घाटरस्त्यावर मोठी गाडी रिव्हर्स घ्यावी लागली तर काय होतं, याचं याहून भयंकर वर्णन मी वाचलेलं नाही.

पीर पंजालहून परतल्यावर सोळा-सतरा वर्षांनी हाच बादशहा दख्खनेत उतरला. १६८१ च्या सप्टेंबरात अजमेर सोडलं, नोव्हेंबरात बुऱ्हाणपूर, १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबाद. पुढे १६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली आणि बादशहाला वाटलं असावं की काम संपलं. ते संपलं नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि लढाई सगळीकडे पसरली.

छावणी मात्र वाढतच गेली. १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगल्याला येऊन ती बघून गेला. घेर तीस मैल, अडीचशे बाजार, पाच लाख माणसं, असे त्याने ऐकलेले आकडे. त्यातले थोडे कमी धरा हवं तर, तरी ते एक चालतं शहरच होतं. धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैल. गंमत बघा, खऱ्या अर्थाने फिरतं घर असलेले लोक ते होते. ओझं हाच त्यांचा धंदा होता आणि किती बैलांना किती चारा-पाणी लागतं हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं.

समोर मराठे. घोडा, भाला, खोगिराला बांधलेली शिदोरी. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा येत, रसद तोडत आणि निघून जात. संताजी आणि विठोजी चव्हाण यांनी बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेल्याची गोष्ट बखरींत आहे, आणि शाळेत असताना ती वाचून आपण सगळेच खूश झालेलो असतो. आता इंजिनीअर म्हणून वाचताना वेगळंच जाणवतं. ज्याच्या घराला सोन्याचे कळस आहेत, त्याला ते सांभाळायला माणसं लागतात; त्या माणसांना खायला लागतं; खायला आणणाऱ्या बैलांना संरक्षण लागतं. प्रत्येक सोय आणखी दोन डिपेंडन्सी घेऊन येते.

१६९५ ते १६९९ बादशहा भीमेकाठी ब्रह्मपुरीला राहिला, आताच्या मंगळवेढा तालुक्यातल्या माचणूरजवळ. तिथला किल्ला आजही बघता येतो. १६९९ च्या ऑक्टोबरात, वयाची ऐंशी वर्षं ओलांडल्यावर, तो स्वतः सह्याद्रीचे किल्ले घ्यायला निघाला. या वेळी कुटुंबकबिला आणि जड सामान असदखानाच्या हवाली करून ब्रह्मपुरीलाच ठेवलं. म्हणजे भिंबरचा धडा लक्षात होता. पण 'हलकी' केलेली छावणीही सह्याद्रीला जडच होती. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड पैसे मोजून ताब्यात आला आणि भर पावसात परतीचा प्रवास सुरू झाला. विशाळगड ते पन्हाळा, साधारण तीस मैल. लागले अडतीस दिवस. दिवसाला सव्वा किलोमीटर! चिखलात जनावरं रुतून मेली, ओढे ओलांडताना माणसं वाहून गेली.

त्याआधीची खवासपूरची रात्र तर याहून वाईट. १७०० सालच्या ऑक्टोबरची सुरुवात, छावणी माण नदीच्या काठी. माणदेश म्हणजे महाराष्ट्रातला उंचावरचा कोरडा मुलूख, पर्जन्यछायेतला. आपल्याकडे 'हाय डेझर्ट'च्या जवळ जाणारं काही असेल तर हेच. अशा ठिकाणी पुराची भीती कोण धरणार? पाऊस वर डोंगरात पडला आणि रात्री लोंढा छावणीत शिरला. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं मराठे आले. अंधारात तो उठून पळायला गेला, अडखळला, आणि उजवा गुडघा निखळला. तो पुन्हा नीट बसलाच नाही. दरबारी म्हणाले, पूर्वज तैमूरलंगाचा वारसा आला! राजाला बरं वाटावं म्हणून अशी वाक्यं सुचणारे लोक प्रत्येक ऑफिसात असतात.

आता शीटकडे वळतो, कारण हे सगळं आमच्या प्लॅनला जसंच्या तसं लागू आहे.

आम्हाला मोटरहोम हवंय ते चैन म्हणून नाही. एका मित्राचे वडील बरोबर येणार आहेत. काकांचं वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, तासा-दीड तासाने बाथरूम लागतं. त्यांना आयुष्यात एकदा पँगाँग बघायचाय. पलंग आणि बाथरूम सोबत असेल तर ते येऊ शकतात, एवढं साधं गणित होतं. त्यामुळे 'मोठी गाडी नकोच' असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

पण मोटरहोमचं मुख्य आश्वासन असतं की वाटेल तिथे थांबा आणि झोपा. मनाली-लेह रस्त्यावर ते खोटं ठरतं. अटल बोगद्यामुळे (२०२० पासून) रोहतांग चुकवता येतो, पण पुढे बारालाचा ४,८०० मीटरच्या वर आणि टांगलांग ५,००० च्या वर. मधलं सरचू ४,२०० मीटरच्या वर. तिथे गादी कितीही मऊ असली तरी हवेतला प्राणवायू विरळच असतो, आणि ७१ वर्षांच्या माणसाला पहिल्याच मुक्कामाला तिथे झोपवणं धोक्याचं. म्हणजे मुक्काम कुठे करायचा हे घर नव्हे, उंची ठरवणार. दुसरं, बर्फ वितळल्याने नाल्यांचं पाणी दुपारनंतर चढतं, म्हणून ओलांडायचं ते सकाळी. आणि कोरड्या मुलखातला पूर? २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली, तीही रात्री, आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पावसाच्या गावात! खवासपूर आणि लेह यांच्यात तीनशे दहा वर्षांचं अंतर आहे, पण कोरड्या नदीपात्राजवळ घर लावू नये हा नियम तोच.

म्हणून माझा प्रस्ताव भिंबरचा आहे. मोटरहोम मनालीपर्यंत. सपाटीवरचे सतराशे-अठराशे किलोमीटर काकांना पलंग आणि बाथरूम मिळेल, आणि तिथे ते खरंच उपयोगी आहे. मनालीला घर पायथ्याशी ठेवायचं, दोन दिवस थांबायचं, आणि पुढे छोटी गाडी, छोटे टप्पे. पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पा, म्हणजे साधारण तीन हजारांच्या आसपास. पुढचा टप्पा पहाटे निघून सरचूला न थांबता लेह. दिवस लांब होईल, पण झोप ३,५०० मीटरवर मिळेल. बाथरूमच्या प्रश्नाला फोल्डिंग कमोड आणि छोटा तंबू, म्हणजे आमचा पेशखाना. पँगाँग मात्र लेहमध्ये नीट सवय झाल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. ते नाही म्हणाले तर लेहच्या कट्ट्यावर बसून सिंधू बघायची. तीही काही कमी नाही.

ग्रुपमधल्या दोघांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मोटरहोमसोबत लेहच्या फाटकापाशी फोटो नाही तर मजा काय? त्यांच्यासाठी शेवटचा एक संदर्भ. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) छावणीतच वारला. ज्या किल्ल्यांसाठी अडतीस-अडतीस दिवस चिखल तुडवला, ते ताराबाईंच्या कारकिर्दीत मराठे एकामागून एक परत घेत होते. त्याची कबर इथून जवळच, खुलताबादला आहे. वर छप्पर नाही, उघड्या मातीची, अगदी साधी. इतकी वर्षं इतकं घर वाहून नेलेल्या माणसाची.

शीटमध्ये मी पहिले तीन रकाने बदललेत: पाणी, उंची, आणि गाडी वळवायला जागा. मोटरहोमची लांबी आता चौथ्या रकान्यात आहे.