कचऱ्याच्या डब्यातली पेट्री डिश

घरच्यांना माहीत आहेच, मावशीची नवी गोळी सुरू झालीये. तीन आठवडे रोज एक, मग एक आठवडा सुट्टी. परवा तिने विचारलं, "ही नेमकं करते तरी काय गं?" पेशींना एकाच्या दोन व्हायची घाई झालीये, त्यांना थांबवते, असं मी सांगितलं खरं. पण थांबवते म्हणजे कसं, हे शोधता शोधता मी १९७०च्या दशकातल्या एडिंबरोला जाऊन पोचले.

तिथे पॉल नर्स नावाचा पंचविशीतला तरुण यीस्ट वाढवत होता. पावाचं नव्हे, आफ्रिकेतल्या बिअरमध्ये सापडलेलं. त्याच्या नावातल्या 'पोम्बे'चा स्वाहिलीत अर्थच बिअर! ही पेशी कांडीसारखी. फक्त लांबीला वाढते आणि ठरावीक लांबी झाली की मधोमध दुभंगते. म्हणजे लांबी बघून वय कळतं. (आपलं तसं नाही ते बरंय.)

एकदा त्याला निम्म्याच आकाराच्या पेशी दिसल्या. वाढ पुरी व्हायच्या आतच त्या दुभंगत होत्या. स्कॉटलंडात छोट्याला 'वी' म्हणतात, तेच नाव त्यांना पडलं. मला विचाराल तर खरी हुशारी इथे आहे. विभाजन अडलेल्या पेशी अमेरिकेत लेलंड हार्टवेल आधीपासून गोळा करत होता. पण गाडी बंद पडायला शंभर कारणं असतात. ती वेळेआधीच सुटली तर मात्र सिग्नलवाल्याकडेच बघावं लागतं.

नर्सने असे पन्नासेक 'वी' प्रकार जमवले. एक सोडून सगळ्यांत एकच जनुक बिघडलेलं, ब्रेकचं. त्या उरलेल्या एकाच्या डिशमध्ये दुसरीच बुरशी शिरली होती. कंटाळून त्याने ती कचऱ्यात टाकली आणि घरी गेला. खाणंपिणं झाल्यावर मनाला टोचणी लागली: हाच वेगळा असला तर? सायकल काढून, पावसात चढ चढून परत प्रयोगशाळेत! त्या बुरशीतून यीस्ट वेगळं करायला काही आठवडे गेले. आणि जनुक खरंच वेगळं निघालं. गंमत म्हणजे ते एका तऱ्हेने बिघडलं तर विभाजन थांबतं, दुसऱ्या तऱ्हेने बिघडलं तर लवकर होतं. थोडक्यात, अॅक्सिलरेटर. नाव सीडीसी-२. हार्टवेलच्या पावाच्या यीस्टमध्येही त्याचा जोडीदार निघाला.

पुढे १९८७ साली लंडनला नर्सच्या प्रयोगशाळेत मेलनी लीने हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं घातली. त्यातल्या एकाने यीस्ट पुन्हा दुभंगायला लागलं! आपली आणि यीस्टची वाट फुटून अब्जाहून जास्त वर्षं झालीयेत, तरी सुटा भाग बसला. २००१चं नोबेल नर्स, हार्टवेल आणि टिम हंट यांना मिळालं. या अॅक्सिलरेटरला लागणारं, दर विभाजनाला साठून नाहीसं होणारं सायक्लिन हंटने १९८२ साली समुद्री अर्चिनच्या अंड्यांत पकडलं होतं.

आपल्यात या जनुकाची बरीच भावंडं आहेत. त्यांतल्या दोघांनी, सीडीके-४ आणि सीडीके-६ने, बनवलेल्या प्रथिनांना मावशीची गोळी अडवते. अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१५ साली परवानगी मिळाली.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. यीस्टचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. म्हणाली, "त्या संध्याकाळी कचरा न्यायला कुणी आलं असतं म्हणजे?"

मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाला तरी सापडलं असतं.

"हो, पण केव्हा?" मावशी म्हणाली.