उत्तम अध्यापकाची विद्यार्थिदृष्टी : केरूनाना छत्रे यांचे उदाहरण

१९९४ मध्ये ‘नॅक’ची स्थापना झाली आणि त्यानंतर अध्यापकांविषयी विद्यार्थ्यांकडून अभिप्राय भरून घेण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ झाली. एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यांनी असे अर्ज भरलेले नाहीत. त्यांना अध्यापकाचे कोणते गुण मोलाचे वाटले, हे त्यांच्या पुढील कार्यावरूनच शोधावे लागते. गौरवपर आठवणींपेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय मानावयास हवा.

केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे (मृत्यू १८८४) हे मुंबईत बाळशास्त्री जांभेकर आणि प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली घडले. ऑर्लिबार यांनी या विद्यार्थ्याला कुलाबा वेधशाळेत कामास घेतले. त्यामुळे खगोलशास्त्र त्यांच्या हाती केवळ पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या निरीक्षणातून व आकडेमोडीतून आले. पुढे पुण्यात त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले, या विषयांवर मराठीत शालेय पुस्तकेही लिहिली.

मात्र त्यांचे मन गुंतले होते ते पंचांगाच्या प्रश्नात. परंपरागत पंचांगातील ग्रहस्थिती आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थिती यांत अंतर पडले होते. ते दूर व्हावे म्हणून त्यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) हा ग्रंथ सिद्ध केला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांगही काढले. ‘पटवर्धनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या पंचांगाचा समाजात फारसा प्रसार झाला नाही.

बाळ गंगाधर टिळक डेक्कन महाविद्यालयात नानांचे विद्यार्थी होते. पंचांगशोधन हा काही परीक्षेचा विषय नव्हता. ‘अभ्यासक्रम वेळेत पूर्ण केला काय?’ या आजच्या रकान्यात तो कोठेही बसला नसता. तरीही टिळकांनी गुरूंकडून नेमके तेच उचलले. अध्यापनाची हातोटी मात्र त्यांनी तितकीशी उचलली नसावी. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणिते तोंडी सोडवीत व सामान्य विद्यार्थ्यांना त्यांच्यामागे धावणे कठीण जाई, असे सांगितले जाते. म्हणजे शिष्याला भावला तो गुरूंचा न सुटलेला प्रश्न. ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात टिळकांनी खगोलीय गणित वेदकालनिर्णयासाठी वापरले. १९०४ मध्ये मुंबईत पंचांग परिषद भरली, तेव्हा नानांच्या मृत्यूस वीस वर्षे लोटली होती. त्या परिषदेत टिळकांनी पुढाकार घेतला. त्यांच्या नावाने रूढ झालेल्या पंचांगाचा आरंभबिंदूही नानांनी स्वीकारलेला रेवती नक्षत्रातील ताराच राहिला.