पॉलिशवाल्याची बाटली

ज्याला आपण सारे फ्रेंच पॉलिश म्हणतो त्यात फ्रेंच ते काय, असा प्रश्न वांद्र्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनी आम्हांला टाकला होता. आम्ही त्या वेळी ऐन पंचविशीत होतो आणि युनियनची पावतीपुस्तके काखोटीस मारून फर्निचरच्या दुकानांमागल्या गल्ल्या हिंडत होतो. शाळा आमची लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते असल्या प्रश्नांची उत्तरे धुंडाळता धुंडाळता झाले. मिस्त्रीकाका राजापूरकडचे. आम्हांला उत्तर येत नाही असे पाहून त्यांनी चपड्याची एक पापडी आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बघा, ही काय पॅरिसहून आलीय?"

ती पॅरिसहून आलेली नव्हती, हे खरे. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कोशिंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषून राहतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो, तीच लाख. छोटा नागपूर, छत्तीसगड हे तिचे मोठे मुलूख. आपल्या राज्यात गोंदियाकडे तिचा व्यापार. पांडवांना जाळण्यासाठी रचलेले जतुगृह याच लाखेचे आणि बायकांच्या पायांचा अळताही तिच्याच रंगाचा. मिर्झापूरच्या कारखान्यांत ती लांब कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर पिळीत. पाझरलेला रस ऊन असतानाच एक कामगार त्याचा पडदा हातांनी, पायांनी आणि प्रसंगी दातांनी धरून ताणी, आणि तो पडदा थंड झाला की मोडून त्याच्या पापड्या करीत. विलायतेच्या दिवाणखान्यांतील मेजे ज्या मालाने चकाकली, तो माल आगीसमोर दातांत धरून ताणलेला होता, हे त्या मेजांवर चहा पिणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९५० च्या आसपास प्लॅस्टिकच्या तबकड्या रूढ होईपर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्यांतही हीच लाख असे.

फ्रान्सचे श्रेय एवढेच, की ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ थरांवर थर चढवायची रीत तिकडे बसली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती इंग्लंडात गेली. आपल्याकडचा कातारी लाख लावी ती निराळ्या तऱ्हेने. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबावी, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणावी. पाळण्याचे खूर, लाटणी, खेळणी यांना हे ठीक. कपाटाची फळी काही चरकावर फिरवता येत नाही. म्हणून साहेबांच्या बंगल्यांतून आणि शिसवी कोरीव सामानाच्या पेठेतून बोळ्याची रीत मुंबईत रुजली. वांद्र्यात पाली, रणवार, चिंबई या गावठाणांतील जुन्या घरांत आरामखुर्च्या, कपाटे, घरातली लहानशी वेदी असे सागवानी-शिसवी सामान पुष्कळ. नाताळापूर्वी ते नवे करून घेण्याचा प्रघात. त्यावर कित्येक पॉलिशवाल्यांची चूल पेटत असे.

हे काम वरून सोपे दिसते. लाकूड काचपेपरने घासावे, खडूची भुकटी नि रंग कालवून रंध्रे बुजवावीत, मग बोळा फिरवावा, झाले! पण बोळा एका जागी क्षणभर थबकला तर खालचा थर उचलून येतो. तो सरकावा म्हणून त्याला जवसाच्या तेलाचे बोट लावतात. तेल जास्त झाले तर महिन्याभराने ते घामासारखे वर येते आणि धूळ धरते. चपडा भिजवून वर्षभर ठेवलेला असेल तर तो कधी धड वाळतच नाही, बोटांचे ठसे घेत राहतो. तो टाकून द्यावा लागतो. काटकसरी मालकाला हे पटवणे मात्र पॉलिश करण्याहून कठीण. जुन्या वस्तूवर पॉलिश लाखेचे की दुसरे कशाचे, हे ओळखायचे तर आडोशाच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकावा. चिकट झाले तर लाख.

आणि मुंबईचा पाऊस! स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, जुलैच्या हवेतील ओल त्यावर बसते, आणि पाहता पाहता तांबूस चकाकीवर दुधासारखी साय येते. नवखा घाबरतो आणि ती काचपेपरने खरवडू लागतो. वास्तविक लाकडाला काही झालेले नसते. थांबावे, हवा कोरडी करावी, आणि स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावा. ओल सुटते, साय जाते.

ही साय आमच्या गोष्टीत एकदा साक्षीदार म्हणूनही आली आहे. वांद्रे मुंबई महापालिकेत सामील झाले ते १९५० साली, आणि त्याच वर्षी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. कायदा १९४९ चा. दारू मिळेना तेव्हा काही लोक पॉलिश पिऊ लागले. पॉलिशमध्ये मीठ-पाणी घातले की लाख साकळून वेगळी होते, उरलेले गाळून घशाखाली घालावयाचे. असल्या दारूला मुंबईच्या बोलीत 'खोपडी' म्हणत. स्पिरिट पिण्यास अयोग्य व्हावे म्हणूनच त्यात घाणेरडे पदार्थ घालतात. त्यात मिथिल अल्कोहोल असेल तर शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, डोळ्यांची नस जाते आणि पुढे प्राण. कायद्यात शेवटी अशा स्पिरिटपासून केलेल्या पदार्थांची व्याख्याच घालावी लागली, आणि तीत फ्रेंच पॉलिश व वॉर्निश यांचा नावानिशी उल्लेख झाला. मरणाऱ्यांना वाचवण्यासाठी काही करणे भाग होते, हे आम्ही मान्य करतो. दारूने कामगारांच्या वस्त्यांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. २०१५ साली मालवणीत मिथिल अल्कोहोलने शंभरांहून अधिक माणसे मेली, ती बहुतेक हातावर पोट असलेलीच होती. परंतु ज्याच्या धंद्याची बाटली आणि गुन्ह्याची बाटली एकच, त्या पॉलिशवाल्याने काय करावे, याचा विचार कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

मिस्त्रीकाका त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचे, उस्तादांच्या हाताखाली होते. त्यांनी सांगितले ते असे. खरेखोटे त्यांच्या माथी. पावसाळ्याच्या दिवसांत घोडबंदर रोडवर, म्हणजे हल्लीच्या स्वामी विवेकानंद मार्गावर, दोघांना एका शिपायाने हटकले. पिशवीत पॉलिशच्या दोन बाटल्या. चौकीत नेले. उस्ताद म्हणाले, आम्ही पॉलिशवाले. त्यावर पुरावा काय? परवाना मालकाच्या नावाचा, मालक गावाला. तेव्हा तिथल्या अंमलदाराने आपले मेज दाखवले आणि म्हणाला, "कर बघू." उस्तादांनी तासभर खपून मेज पॉलिश केले, आणि बाहेर धो-धो पाऊस, सारे मेज पांढरे पडले. अंमलदार म्हणाला, बघा, याला येतच नाही, हा दारूवालाच. उस्तादांनी कंदील मागितला, तो मेजाजवळ धरून पोराला उभे केले, हवा जराशी कोरडी झाली तसा बोळा हलकेच फिरवला, आणि साय निघून गेली. दोघे सुटले. एक बाटली मात्र चौकीतच राहिली, आणि तिचे पुढे काय झाले हे मिस्त्रीकाका डोळे मिचकावून सांगत नसत.

१९६० नंतर बंदी परवान्यांच्या वाटेने सैल होत गेली आणि ही भीती ओसरली. पण पुढे बोळ्याचीच सद्दी संपली. मेलामाइन आले, मग दोन डब्यांचे मिश्रण करून फवारायचे पॉलियुरेथिन आले. त्यावर गरम कप ठेवला तर डाग पडत नाही, पावसाने साय येत नाही, चार दिवसांचे काम दीड दिवसात होते. गिऱ्हाईकाला दोष देता येणार नाही. दोष आहे तो बंद खोलीत साध्या रुमालाने नाक बांधून फवारणी करण्याचा. त्या दुसऱ्या डब्यातील आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की मग थोडक्या वासानेही छाती दाटते. लाखेने हात तपकिरी होत. ते गिऱ्हाइकाला दिसत. छाती कोणाला दिसत नाही.

मिस्त्रीकाकांचा मुलगा याच धंद्यात. दम्याने फवारणी सुटली, तो पुन्हा बापाच्या बोळ्याकडे वळला, आणि गावठाणांतल्या उरल्यासुरल्या घरांत जाऊ लागला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली आपल्या राज्याचे कल्याणकारी मंडळ उभे राहिले, तेव्हा त्याची नोंद व्हावी म्हणून आम्ही खटपट केली. मंडळाच्या कामांच्या यादीत वॉर्निशसह सुतारकाम होते. अट अशी, की मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला हवा. ठेकेदार सही देईना. दिली असती तर मजुरीचा हिशेबही द्यावा लागला असता. तेव्हा आम्ही दोघे घरोघर फिरलो. रणवारला एका आजीबाईंनी आपल्या वहीत लिहून ठेवलेल्या तारखा काढून दिल्या, पालीला एका गृहस्थांनी जिन्याचा कठडा दाखवून तिथल्या तिथे सही केली.

कार्यालयातील लेखनिक सभ्य होता. त्याने कागद नीट वाचले आणि समजावून सांगितले, की दार, खिडकी, जिना हे इमारतीचे भाग, ते धरता येतील. खुर्ची, कपाट, पलंग हे सामान, ते धरता येणार नाही. आम्ही बाकावर बसून पुन्हा बेरीज केली. सगळे मिळून दोनशेच्या वर दिवस होते. दारे, खिडक्या आणि जिने यांचे भरले एकोणऐंशी.

अर्ज परत घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा तो हिशेब करीत होता, की पालीच्या त्या गृहस्थांकडे अजून सहा खिडक्या बाकी आहेत.