तिसऱ्या माणसाची साक्ष

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार हे गाव आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. वऱ्हाडातल्या अशा बाजारगावी गिऱ्हाइकाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : विकणारा आपल्या मालाला कधी वाईट म्हणणार नाही. म्हणून त्याच्या बोलण्यातले चार आणे आधीच वजा करून भाव केला जातो. पण शेजारी उभा असलेला तिसरा माणूस "घ्या, मी वापरलंय, चांगलं आहे" म्हणाला की ही वजावट थांबते. त्याला यात काही मिळायचे नाही, असे आपण धरून चालतो.

आज मोबाइलच्या पडद्यावर गोरे करणारे मलम, वजन उतरवणारे चूर्ण, मधुमेह 'मुळापासून' घालवणारा काढा या तिसऱ्या माणसाच्या भरवशावर खपतो. त्याला आता 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात. नाव नवे असले तरी धंदा जुना आहे, आणि त्याचा इतिहास शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

जुन्या वृत्तपत्रांत औषधांच्या जाहिरातीखाली प्रशस्तिपत्रे छापलेली असत. गुण आलेल्या रोग्याचे पत्र, एखाद्या प्रतिष्ठिताचा अभिप्राय. छापलेल्या अक्षरावर लोकांचा विश्वास होता आणि प्रतिष्ठित माणसावर त्याहून अधिक. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा आला. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा, माणसाची उंची अशा विषयांची यादीच त्याला जोडलेली आहे. या बाबतीत उपचाराचा दावा करणारी जाहिरात देणे गुन्हा ठरते. या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा, डिसेंबर १९५९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली. पण निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, हेही स्पष्ट केले. ती यादी आज वाचली तर मोबाइलवरच्या जाहिरातींचीच अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते.

तिसरा माणूस पैसे घेऊन खोटे बोलतो, एवढाच प्रश्न असता तर तो सोपा होता. अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. १९२० च्या दशकात तेथे 'रॅडिथॉर' नावाचे पेय विकले जाई. ते म्हणजे रेडियम विरघळवलेले पाणी. रेडियम हा तेव्हा विज्ञानातला नवा चमत्कार होता, आणि त्या नावावरच माल खपे. एबेन बायर्स हा धनाढ्य उद्योगपती आणि नावाजलेला गोल्फपटू. हाताच्या दुखापतीसाठी डॉक्टरांनी १९२७ मध्ये त्याला हे पेय सुचवले. त्याला बरे वाटले. म्हणून तो ते नित्य घेऊ लागला आणि मित्रांनाही आग्रहाने पाठवू लागला. त्याला कोणी पैसे दिले नव्हते. तो मनापासून सांगत होता. रेडियमचे रासायनिक वागणे कॅल्शियमसारखे असल्यामुळे शरीर त्याला हाडांत साठवते, आणि तेथे त्याचे अल्फा किरण पेशींचा नाश करत राहतात. बायर्सचा जबडा झडला आणि १९३२ मध्ये तो मरण पावला.

बायर्सच्या साक्षीत लबाडी नव्हती, चूक पद्धतीत होती. 'मला बरे वाटले' हा अनुभव झाला, पुरावा नव्हे. दुखणे आपोआप उतरले असते का, औषधाऐवजी साधे पाणी घेणाऱ्यांना काय वाटले, पाच वर्षांनी काय होते, हे त्याने विचारले नाही. म्हणजे शिफारस करणाऱ्याची दोन कर्तव्ये ठरतात : पैसे घेतले असतील तर सांगावे, आणि जे सांगतो ते तपासलेले असावे. प्रामाणिक माणूसही दुसऱ्या कर्तव्यात नापास होऊ शकतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्या सुमारास दूरदर्शन वाहिन्यांवर 'हनुमान चालिसा यंत्रा'सारख्या वस्तूंच्या लांबलचक जाहिराती चालत, आणि ओळखीचे कलाकार त्यांचे गुण सांगत. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षकाने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निर्णय दिला : चमत्कारी शक्तीचा दावा करून अशा वस्तू विकणे व त्यांची जाहिरात करणे या कायद्याखाली बेकायदा आहे. याचिकाकर्ता शिक्षक होता, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

पण कलाकाराला कितपत जबाबदार धरावे? तो काही रसायनतज्ज्ञ नव्हे. २०१५ मध्ये मॅगी नूडल्समध्ये शिसे जास्त असल्याचा आरोप झाला, तेव्हा बिहारमधील एका न्यायालयाने जाहिरातीतील कलाकारांविरुद्धही गुन्हा नोंदवायला सांगितले. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीच रद्द केली. कारण चाचण्या झालेल्या प्रयोगशाळा त्यासाठी मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते. चेहऱ्यावर राग काढणे सोपे असते, पण पुरावा तेथेही लागतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मधला मार्ग काढला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतील शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय काही काळ जाहिराती करण्यास मनाई. मात्र दाव्याची योग्य ती पडताळणी त्याने आधी केली असेल तर दंड नाही. जानेवारी २०२३ च्या सरकारी सूचनांनुसार, मोबदला घेतला असल्यास तो सोप्या भाषेत, ठळकपणे सांगायचा आहे. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कर्तव्ये आता कायद्यात आली आहेत.

तरीही प्रत्येक मोबाइलपर्यंत कायदा पोचणार नाही. आणि गावात आणखी एक तिसरा माणूस असतो, तो म्हणजे शिक्षक. 'गुरुजींनी सांगितले' या शब्दांना वजन असते, म्हणूनच साखळी पद्धतीने पावडरी व गोळ्या विकणारे शिक्षकांना एजंट करायला उत्सुक असतात. ती शिफारस करण्यापूर्वी वरची दोन कर्तव्ये आपल्यालाही लागू आहेत.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. मुलांना आठवडाभरात पाहिलेल्या दहा शिफारशी वहीत लिहायला सांगा आणि तीन रकाने आखा : कोण सांगतो? त्याला काय मिळते? त्याला हे कशावरून कळले? पहिला रकाना लगेच भरेल. दुसऱ्यासाठी थोडे शोधावे लागेल. तिसरा बहुतेक वेळा कोरा राहील. तो आपण भरून देऊ नये. मुलांनी त्या कोऱ्या जागेकडे थोडा वेळ पाहावे.